नऊ पोळ्यांचं प्रायश्चित्त

पूर्वी गोदेच्या काठी धान्यवती नावाचं नगर होतं. तिथे अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व बैलाच्या जन्माला आला होता. हो, बैलाच्या. राजा, मंत्री, व्यापारी असे पुष्कळ जन्म त्याने घेतले, पण शहाणपण सांगायला सिंहासनच लागतं असं नाही. ज्यांना ते सांगायचं, ती मंडळी बहुतेक वेळा गोठ्यातच सापडतात.

त्याचं नाव कपिल. अंगाने तांबूस, शिंगं मागे वळलेली, वय झालेलं. सोमिल नावाच्या गाडीवानाची गाडी तो बारा वर्षं ओढत होता. त्याच्या जोडीला शबल नावाचा तरणा बैल होता. शबल अंगाने दांडगा, स्वभावाने गरीब, आणि एखादी गोष्ट मनाला लावून घेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बैलाला हात नसतात, ते सोडा.

वर्षातून एक दिवस त्या नगरात बैलांचा सण असे. आपण त्याला पोळा म्हणतो. आदल्या संध्याकाळी धनी कोमट पाण्याने बैलांचे खांदे शेकत, हळद आणि तूप लावून चोळत, आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वर्षभर ज्या खांद्यावर जू बसतं, त्या खांद्याचा हा एका दिवसाचा मान. दुसऱ्या दिवशी बैलाला जुंपायचं नाही, त्याच्यावर ओरडायचं नाही, शिंगं रंगवायची, झूल घालायची आणि दारोदार नेऊन पुरणाची पोळी चारायची.

त्या वर्षी सोमिलच्या बायकोने, उत्पलेने, पुरण मन लावून शिजवलं होतं. कपिलने तिच्या हातच्या दोन पोळ्या खाल्ल्या आणि तो रवंथ करत बसला. शबलने घरच्या तीन खाल्ल्या, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारी सहा. झाल्या नऊ. तेवढ्यावर थांबता तरी ठीक होतं, पण परत येताना ओसरीवर पुरणाचं पातेलं दिसलं, आणि त्याने तेही चाटूनपुसून साफ केलं. संध्याकाळी त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. उत्पलेने ताकात ओवा आणि हिंग कालवून त्याच्या घशात ओतलं, सोमिलने त्याला अंगणात फेऱ्या घालायला लावल्या, आणि दिवेलागणीला पोट उतरलं. वर्षातून एकदा जास्त खाल्लं, पोट दुखलं, बरं वाटलं. इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण संपते कसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोमिलने गव्हाणीत कडबा टाकला, तर शबलने मान फिरवली.

"दादा," तो कपिलला म्हणाला, "काल मी नऊ पोळ्या खाल्ल्या. आता नऊ वेळा चाऱ्याला तोंड लावणार नाही. म्हणजे फिटंफाट."

"आणि पातेल्याचं काय?" कपिलने थट्टेने विचारलं.

शबलने तेही मनावर घेतलं. थोडा विचार करून तो म्हणाला, "पातेल्याचे दोन धरू. अकरा वेळा."

कपिलने डोळे मिटून घेतले. मग तो शांतपणे म्हणाला, "हे बघ, आज भूक नसेल तर सकाळी दोन काड्या कमी खा. पाणी पी. संध्याकाळी भूक लागेल तेवढं खा. उद्या तांडा निघायचाय."

"पण दादा, चूक केली ती भरून काढायला नको?"

"चूक कसली त्यात? कानाशी येऊन आवतण दिलं होतं ना तुला? पाहुणा जेवायला गेला आणि जरा जास्त जेवला. पोट दुखलं, तिथेच शिक्षा झाली. आता दुसरी कशाला?"

शबलने नुसतं कडब्याकडे बघून एक सुस्कारा सोडला, फार मोठं काहीतरी सोसत असल्यासारखा. मी बघितलंय, एकदा का कुणाला आपण पापी असल्याची गोडी लागली, की पुरणाची गोडी तिच्यापुढे काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी तांडा निघाला. गोदेकाठचा कापूस आणि तांब्याची भांडी घेऊन चाळीस गाड्या डोंगरापलीकडच्या बंदराला जात. सोमिल गाडी हाके, उत्पला मागे बसून स्वयंपाकाचं सामान सांभाळी. वाट अशी होती, की सात मुक्काम सपाटीचे आणि मग घाट. घाटात एक जोडी अडली तर मागच्या सगळ्या गाड्या अडतात, आणि भरलेली गाडी उतारावर मागे घसरली तर माणसं मरतात. म्हणून पायथ्याशी तांड्याचा प्रमुख प्रत्येक जोडी तपासून बघे. त्याची रीत वेगळी होती. तो बैलाचे दात बघत नसे, पाय बघत नसे. जुवाच्या मध्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवी आणि जोडीला शंभर पावलं चालवी. निम्म्याहून जास्त पाणी वाटीत राहिलं तर जोडी वर जाई. नाही राहिलं, तर दोनांतला एक बैल तिथल्याच बाजारात विकायचा आणि दुसरा घ्यायचा. त्या बाजारातून म्हातारा बैल पुन्हा कुणाच्या गोठ्यात गेलेला कधी कुणी पाहिला नव्हता. त्या गावच्या कातडी पखाली आणि चपला मात्र दूरवर नावाजलेल्या होत्या. बैलांना हे माहीत होतं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी शबलचं पाऊल जड पडायला लागलं. पोटात नुसतं पाणी, त्यावर भरलेली गाडी. तो अर्धं पाऊल मागे राहू लागला. आता जू म्हणजे काय, एक लाकूड आणि त्याखाली दोन माना. एक मान मागे राहिली की लाकूड तिरकं होतं, आणि सगळं ओझं घसरत पुढच्याच्या खांद्यावर येतं. कपिलने मान खाली घातली आणि दोघांचं ओढलं.

मुक्कामाला सोमिलने बघितलं, शबलपुढचा चारा तसाच. त्याला वाटलं, पोळ्याच्या दिवशी सजवला होता, नजर लागली असणार. त्याने मीठमोहरी ओवाळून टाकली. नजर उतरली की नाही कुणास ठाऊक, शबलचा उपास काही उतरला नाही. उलट सहा झाले, पाच राहिले, असं तो समाधानाने सांगू लागला.

मागच्या गाडीला एकशिंग्या नावाचा एक जुना बैल होता. त्याला सगळं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्यावर तो कपिलला म्हणाला, "तू खुळा आहेस का रे? तूही उद्या सैल सोड. गाडी जागेवर थांबली की धन्याला बरोबर कळेल ढिला कोण आहे ते. नाहीतर म्हातारा तू आहेस, लोक तुझ्याकडेच बोट दाखवतील."

"आणि मग शबलचं काय होईल?"

"काय व्हायचं ते होईल. बाजार आहे की पायथ्याला."

कपिलने पाणी प्यायचं थांबवलं. खांदा आग करत होता, आणि एकशिंग्या म्हणत होता त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याला भीती वाटली. आपण भित्रे नाही, असा आव बोधिसत्त्वाने कधी आणला नाही. पण तो म्हणाला, "नऊ पोळ्या खाल्ल्या म्हणून कुणी मरावं, हे मला पटत नाही." आणि तो जुवाखाली परत गेला.

आता चौथा दिवस ऐका, म्हणजे माझा जीव का वैतागतो ते तुम्हाला कळेल. दुपारचा मुक्काम होता. बैलांसाठी भिजवलेल्या हरभऱ्याचं पोतं झाडाखाली ठेवलं होतं. तोवर नऊ वेळचा उपास झालेल्या शबलच्या नाकात तो वास गेला. व्रत, प्रायश्चित्त, फिटंफाट, सगळं एका क्षणात उडालं. त्याने दावं तोडलं आणि अर्धं पोतं फस्त केलं. पोट पुन्हा फुगलं. पुन्हा ओवा, पुन्हा हिंग, पुन्हा फेऱ्या.

"हा बैल आहे की माझी मावशी?" उत्पला त्याच्या घशात ताक ओतता ओतता म्हणाली. "तीही अशीच. लग्नात चार लाडू खायची आणि मग आठवडाभर तोंड बांधायची. आठवड्याने डबाच रिकामा. अगं बाई, चार खाल्लेस ते खाल्लेस, दुसऱ्या दिवशी भाकरी खा म्हणावं, तर ऐकेल कोण."

पोट जरा हलकं झाल्यावर शबल रडवेला होऊन कपिलजवळ आला. "दादा, फार वाईट झालं. अकरा तर पुरे झालेच नाहीत, वर हे. आता मी वीस वेळा उपाशी राहतो."

कपिल उत्तर देणार तेवढ्यात सोमिल दोघांना खरारा करायला आला. त्याचा हात कपिलच्या खांद्यावर गेला आणि थांबला. खांदा उशीसारखा सुजला होता. मधोमध कातडी सोलवटून लाल झाली होती.

"उत्पले, हे बघ. म्हाताऱ्याचा खांदा आला."

उत्पला येऊन बघून गेली आणि हळद घेऊन परत आली. सोमिल तिथेच उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "वय झालं त्याचं. आता ओढवत नाही त्याला. पायथ्याला देऊन टाकू, दुसरा बघू."

"अहो, बारा वर्षं झाली."

"मला काय हौस आहे? घाटात खाली बसला, तर गाडीसकट आपण दोघं दरीत जाऊ."

उत्पलेने हळद लावली आणि ती चुलीकडे गेली. सोमिल वाईट माणूस नव्हता. त्याने खांदा बघितला आणि खांद्यावरून निकाल दिला. जुवाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय, ते बघायला वाकावं लागतं, आणि माणसाची कंबर ऐन वेळी धरलेली असते.

दोन्ही बैलांनी ऐकलं होतं. शबलने विचारलं, "दादा, हा खांदा कशाने आला?"

कपिलने ठरवलं होतं की हे सांगायचं नाही. पण वीस वेळचा उपास समोर उभा होता. तो म्हणाला, "तुझ्या उपासाने. तू अर्धं पाऊल मागे राहतोस आणि तुझं ओझं इकडे येतं. चार दिवस झाले, तू प्रायश्चित्त घेतोयस आणि ते मी ओढतोय. पोट तुझं आहे रे बाबा. जू दोघांचं आहे."

शबलचे डोळे भरून आले. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "ठीक आहे. उद्यापासून तू नुसता चाल. सगळी गाडी मी ओढतो. तुझ्या वाटचंही ओढतो. तुझा खांदा बरा होईपर्यंत एक काडी खाणार नाही आणि तुला एक शेर ओझं लागू देणार नाही."

बोधिसत्त्वाने हजारो जन्म क्षमा साठवली होती. त्या संध्याकाळी तिच्यातली बरीचशी खर्ची पडली.

"शबल," तो म्हणाला, "बस खाली. बस म्हणतो ना. तू मागे राहिलास तर जू तिरकं होतं. तू पुढे धावलास तर सरळ राहील, असं तुला वाटतं? मागे राहून माझा खांदा सोललास, पुढे धावलास तरी तिरकं लाकूड त्याच जागी घासेल. काल जास्त खाल्लं म्हणून आज उपाशी, आज उपाशी म्हणून उद्या पोतं, आता पोतं खाल्लं म्हणून एकदम शूरवीर. मला तुझा उपास नको आणि तुझा पराक्रमही नको. माझ्या बरोबरीने चाल, एवढंच पुरे आहे."

"पण जे केलं त्याचं काय?"

"केलं ते झालं. आता कडबा."

आणि त्याने ही गाथा म्हटली:

सण आला, जेवण झालं, उद्या पुन्हा कडबा बरा।
पोट एकाचं असलं तरी जू दोघांचं, ध्यानी धरा॥

दुसऱ्या दिवशी सकाळी शबलपुढे चारा आला. पोट अजून जड होतं. त्याने चार काड्या उचलल्या. त्या चार काड्या त्याला नऊ पोळ्यांपेक्षा आणि नऊ उपासांपेक्षा अवघड गेल्या. उपाशी राहताना निदान आपण काहीतरी करतोय असं वाटत होतं. चूक केल्यावर लाज गिळून रोजच्यासारखं जेवायचं, यात शौर्य दिसत नाही, कुणी वाहवा करत नाही. तरी त्याने खाल्लं. संध्याकाळी नेहमीएवढं खाल्लं. तिसऱ्या दिवशी त्याचं पाऊल कपिलच्या पावलाला मिळालं. मधेच त्याला पुढे रेटायची सुरसुरी येई, तेव्हा कपिल नुसता नाकाने फुर्र करी, की तो जागेवर येई.

सातव्या मुक्कामी पायथा आला. बाजारातले दलाल हातात दोर घेऊन आधीच फिरत होते. त्यांतल्या एकाने कपिलच्या पाठीवरून हात फिरवून कातडी चिमटीत धरून बघितली. सोमिल दुसरीकडे बघत राहिला.

संध्याकाळी उत्पलेने पाणी कोमट केलं. तीन दिवस ती रोज कपिलचा खांदा शेकत होती, हळद आणि तूप लावत होती. चोळता चोळता सवयीने तिचं तोंड त्याच्या कानाशी गेलं. "आज आवतण घ्या," ती म्हणाली, आणि थांबली. पुढचे शब्द तिच्याच्याने बोलवेनात. ती तशीच उठून गेली. कपिल रवंथ करायचा थांबला होता. शबल तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला, आणि समोरचा कडबा त्याने शेवटच्या काडीपर्यंत खाल्ला.

सकाळी तांड्याच्या प्रमुखाने जुवावर वाटी ठेवली. गाडी भरलेली होती. कपिलच्या सुजेवर अंगठा दाबून तो म्हणाला, "खांदा आलाय याचा."

"होय," सोमिल म्हणाला. "म्हातारा झालाय. मी याला..."

"चालव आधी."

सोमिलने कासरा हलवला. पहिल्याच पावलाला वाटीतलं थोडं पाणी सांडलं. शबलच्या अंगात सगळं बळ उसळून आलं, एक हिसका द्यावा आणि दादाला सोडवावं असं त्याला वाटलं. त्याने दात आवळले आणि हिसका दिला नाही. कपिलचं उजवं पाऊल, त्याचं उजवं. कपिलचं डावं, त्याचं डावं. लाकूड सपाट राहिलं तेव्हा सोललेल्या जागेवर घासलं नाही, नुसतं टेकलं. कपिलला इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ श्वास घेता आला. शंभर पावलं झाली.

प्रमुख वाकला आणि त्याने वाटीत बोट बुडवलं. दोन पेरं पाणी होतं.

"निम्म्याहून जास्त आहे," तो म्हणाला. "म्हातारा काही वाईट नाही तुझा. मधे केव्हातरी जोडीचं पाऊल बिघडलं असेल, तरण्याकडे लक्ष ठेव." आणि तो पुढच्या गाडीकडे गेला. दलालाने दोर गुंडाळून खांद्यावर टाकला.

घाट चढेपर्यंत दिवस मावळला. वर सपाटीवर गाडी थांबली तेव्हा सोमिलने जू उतरवलं आणि तो कपिलच्या मानेवर कपाळ टेकवून उभा राहिला. उत्पला गाडीतून कडब्याची पेंढी घेऊन उतरली. रोजचाच कडबा होता, थोडा दमटलेला. तो तिने दोघांपुढे टाकला, कपिलच्या कानाशी वाकली आणि राहिलेले शब्द बोलली, "जेवायला या."

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, विहारात सांगितली, त्याला कारण पुण्णक नावाचा भिक्खू होता. एका उपासिकेने भिक्खूंना जेवायला बोलावलं होतं, तिथे पुण्णक जास्त खीर प्याला आणि त्या लाजेने नऊ दिवस जवळजवळ उपाशी राहिला. अशक्तपणाने त्याला भिक्षेला जाता येईना, म्हणून त्याचा सोबती सालिय दोन पात्रं घेऊन फिरे, आणि दोघांच्या वाटचे पाण्याचे घडेही एकटाच वाही. दहाव्या दिवशी पुण्णकाने दुसऱ्या घरी पुन्हा पोट फुटेस्तोवर खाल्लं आणि महिनाभराचा उपास जाहीर केला. भिक्खू सभेत बसून म्हणत होते, सालियाने आता त्याला सोडून द्यावं, आपोआप ताळ्यावर येईल.

शास्ता म्हणाला, "भिक्खूंनो, हा आजच असं वागतो असं नाही, पूर्वीही असाच वागला होता. तेव्हाचा शबल म्हणजे हा पुण्णक. खांदा बघून निकाल देणारा सोमिल म्हणजे सालिय, आज त्याला जुवाची दुसरी बाजू कळली. उत्पला म्हणजे जिने खीर वाढली ती उपासिका. सोडून दे म्हणणारा एकशिंग्या कोण होता, ते मी सांगत नाही, तो या सभेत बऱ्याच जागी बसला आहे. आणि कपिल म्हणजे मीच."

पुण्णकाने मान वळवली. सालिय भिंतीशी बसला होता, आणि उजव्या खांद्यावरचं चीवर त्याने जरा सैल केलं होतं. तिथे घड्यांनी आलेली सूज पुण्णकाला पहिल्यांदा दिसली.

"भंते," तो खाली बघत म्हणाला, "मग आता मी काय करू?"

"आता?" शास्ता म्हणाला. "आता सकाळ आहे. भिक्षेला जा. नेहमीएवढं घे, आणि जेव."

पुण्णक उठला. सालियाच्या हातातलं आपलं पात्र त्याने घेतलं, आणि दोघं बरोबरीने फाटकाबाहेर पडले. उपास याला म्हणत नाहीत, तप म्हणत नाहीत. या गुणाचं नाव समता.